शेवटापासून सुरुवात : नाशिकमध्ये पावसाळी गटार आखताना

पावसाळी गटाराचं काम हातात आलं की मी आधी कॉम्प्युटर उघडत नाही. टोपी घालून एप्रिलच्या उन्हात त्या भागातल्या नाल्याच्या काठाने चालून येतो. पाऊस थांबून सहा महिने झालेले असतात. अशा वेळी पावसाळी गटार खणखणीत कोरडं असायला हवं. त्यातून पाणी वाहत असेल तर ते कुठून आलं हे नाकच सांगतं. भुयारी गटाराचं कनेक्शन कोणीतरी गुपचूप पावसाळी चेंबरला जोडलेलं असतं. नाशिकमध्ये याचा अर्थ सरळ आहे : ते मैलापाणी कुठल्याही प्रक्रियेविना नंदिनीत किंवा वाघाडीत आणि तिथून गोदावरीत जातं. अशी कनेक्शनं आधी शोधून बंद करायची, मगच नवं गटार. नाहीतर तुम्ही मैलापाण्यालाच जास्त मोठा रस्ता करून देता.

पुढचं सगळं साधारण पाच-सहा हेक्टरच्या लेआउटचा विचार करून लिहिलं आहे. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव या बाजूंना शेतं मोडून ज्या वसाहती होत आहेत, त्यांचा आकार बहुधा एवढाच असतो. नव्या इंजिनियरला गणित कामाला येईल. सोसायटीच्या कमिटीला निदान कंत्राटदाराला काय विचारायचं ते कळेल.

आधी गटाराचं शेपूट

बहुतेक जण डिझाइन वरच्या टोकापासून सुरू करतात : हा बंगला, ही गल्ली, हा पाइप, आणि शेवटी ‘नाल्यास जोडणे’ असा एक बाण. माझं पहिलं स्वतंत्र काम मी असंच केलं होतं. नकाशावर बाण जिथे दाखवला होता तिथे प्रत्यक्षात नाला नव्हता. भराव टाकून त्यावर कंपाउंडची भिंत उभी होती. पाइप टाकून झाले होते, पैसे खर्च झाले होते, आणि पहिल्या पावसात पाणी त्याच भिंतीशी तुंबून उलटं लेआउटमध्ये शिरलं. चूक भिंत घालणाऱ्याची होतीच, पण जागा न पाहता बाण काढणारा मी होतो.

म्हणून पहिली पायरी ही की पाणी शेवटी कुठे सुटणार ती जागा स्वतः पाहायची. त्यासाठी तीन नकाशे शेजारी ठेवा : जुना गाव नकाशा, सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट आणि आजचं उपग्रह चित्र. गाव नकाशात जो ओहोळ दिसतो आणि उपग्रह चित्रात दिसत नाही, तो नाहीसा झालेला नसतो, फक्त बुजवलेला असतो. पावसात पाणी तिकडेच जातं. जवळपास एखादे जुने शेतकरी असतील तर त्यांना विचारा, ‘बाबा, पूर्वी पाणी कुठून जायचं?’ हाताने दाखवलेली ती रेघ माझ्या टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) काढलेल्या कंटूरशी, म्हणजे समान उंचीच्या रेषांशी, क्वचितच चुकली आहे.

मग त्या ठिकाणची पूरपातळी. नाशिकमध्ये लोक गोदावरीचा पूर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात : पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. माप पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं आहे, कारण ते न हलणाऱ्या ठिकाणी आहे. इंजिनियरलाही तसंच न हलणारं माप लागतं. जलसंपदा विभागाने आखलेली निळी आणि लाल पूररेषा घ्या. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जवळच्या पुलावर, देवळाच्या जोत्यावर 2008, 2016, 2019 च्या पुराच्या खुणा लोक दाखवतात, त्यांच्याही लेव्हल घ्या. हे सगळं तुमच्या लेआउटच्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची मोजायच्या पक्क्या खुणेशी, जोडा. नदीची लेव्हल एका बेंचमार्कवर आणि लेआउटची दुसऱ्यावर असेल, तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

हे इतकं का लावून धरायचं? एक उदाहरण घ्या. नदीची पूरपातळी 96.00. गटार नदीला मिळतं तिथून 150 मीटर मागे रस्त्याची लेव्हल 96.40. म्हणजे रस्ता पुराच्या वर आहे, असं वाटतं. पण गटार भरून वाहत असताना 200 ला 1 या उतारावर 150 मीटरमध्ये 0.75 मीटर घर्षणातच जातं. पाणी नदीपर्यंत ढकलायचं तर मागच्या चेंबरमध्ये त्याची पातळी 96.75 लागणार. रस्ता 96.40 ला आहे. म्हणजे 35 सेंटीमीटर पाणी रस्त्यावर. पुराचं पाणी रस्त्यावर आलेलंच नाही, तरी रस्ता पाण्याखाली. सराफ बाजार, भांडी बाजार या सखल भागांत गोदावरी चढली की सरस्वती नाल्याचं पाणी तुंबून मागे फिरतं, त्यामागेही हेच आहे. गटार कितीही मोठं करा, समोरची नदी भरलेली असेल तर उपयोग नाही. अशा ठिकाणी तोंडाला एकतर्फी झडप, आतल्या पाण्याला तात्पुरती साठवण आणि गरजेला पंप, हाच मार्ग. आणि झडप लावली तर तिच्यात प्लास्टिक अडकून ती अर्धी उघडी राहणार हे गृहीत धरा, तिच्यापर्यंत माणूस पोचेल अशी पायरी ठेवा.

कुठला पाऊस?

‘नाशिकला पाऊस तो किती!’ हे वाक्य मी दर मीटिंगमध्ये ऐकतो. शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पडतो, इगतपुरीत त्याच्या चौपटीहून जास्त. खरं आहे. पण गटाराला वर्षाच्या पावसाशी घेणंदेणं नाही. त्याला पंधरा मिनिटांचा पाऊस मारतो.

नाशिकला दोन वेगळे पूर येतात. एक, त्र्यंबकच्या डोंगरात दोन-तीन दिवस झोड लागते, गंगापूर धरण भरतं, विसर्ग सुटतो आणि गोदाघाट पाण्याखाली जातो. तेव्हा शहरात पाऊस भुरभुरही असू शकतो. दुसरा, जूनमध्ये किंवा परतीच्या पावसात दुपारी आभाळ काळं होतं आणि अर्ध्या तासात रस्त्याची नदी होते. त्या वेळी गोदावरी शांत असते. लेआउटचं गटार आकारमानाने दुसऱ्या पावसासाठी आखायचं आणि त्याचं तोंड पहिल्या पुराला तपासून घ्यायचं. विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात, 10,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 283 घनमीटर, हे लक्षात असू द्या.

किती वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायचा? 1993 ची जुनी केंद्रीय मार्गदर्शिका निवासी भागात वर्षातून एक-दोनदा गटार भरून वाहणं चालवून घेत असे. केंद्रीय गृहनिर्माण व शहरी कामकाज मंत्रालयाने 2019 मध्ये पावसाळी गटारांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली, ती वाचा आणि तिथले निकष किमान समजा. मी लेआउटला पाच वर्षांतून एकदाचा पाऊस धरतो. त्याचा अर्थ ‘पाच वर्षं निश्चिंत’ असा नाही. दर वर्षी त्याची शक्यता 20 टक्के, आणि पाच वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता 67 टक्के. कमिटीला हे आधीच सांगून ठेवलं की पुढचे वाद कमी होतात.

पावसाची तीव्रता हवामान खात्याच्या स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून काढलेल्या आलेखातून घ्यावी. तो मिळाला नाही, फक्त 24 तासांचा आकडा हाती असला, तर आपल्याकडे घनमूळाचा नियम वापरतात : हव्या तेवढ्या वेळाचा पाऊस म्हणजे 24 तासांचा पाऊस गुणिले (वेळ भागिले 24) चं घनमूळ. समजा पाच वर्षांतून एकदाचा 24 तासांचा पाऊस 120 मिलिमीटर धरला. हा आकडा फक्त उदाहरणासाठी, तुमच्या कामाला खरा आकडा शोधा. 15 मिनिटांसाठी उत्तर येतं 26.2 मिलिमीटर, म्हणजे ताशी 105 मिलिमीटर दराने पडणारा पाऊस. मुंबईची इंग्रजांच्या काळातली गटारं ताशी 25 मिलिमीटरवर आखलेली होती, हे आठवलं की 105 चा धसका नीट बसतो.

पाणी किती येणार

छोट्या क्षेत्राला साधं सूत्र पुरतं : Q = C × i × A ÷ 360. i ताशी मिलिमीटरमध्ये, A हेक्टरमध्ये, Q सेकंदाला घनमीटर. C म्हणजे पडलेल्या पावसापैकी किती वाहून येतो तो हिस्सा.

6 हेक्टरचा लेआउट घेऊ. छपरं 2 हेक्टर (C 0.9), डांबरी-काँक्रीट रस्ते आणि अंगणं 1.8 हेक्टर (0.85), पेव्हर आणि दाबलेला मुरूम 1 हेक्टर (0.6), बाग आणि मोकळी माती 1.2 हेक्टर (0.3). क्षेत्रानुसार सरासरी C येतो 0.715. काळ्या मातीच्या मैदानाला पुस्तकात पाहून 0.15 धरू नका. आपली काळी माती पहिल्या दोन पावसांत भेगा भरून फुगते, नंतर ताडपत्रीसारखी वागते.

आता वेळ. सर्वात लांबच्या कोपऱ्यातलं पाणी तोंडापर्यंत यायला किती वेळ लागतो? अंतर 420 मीटर, उतार 4.2 मीटर. अंतर आणि उतारावरून हा वेळ काढायच्या किरपिचच्या सूत्राने 12 मिनिटं येतात. छपरावरून, अंगणातून गटारापर्यंत यायला आणखी थोडा वेळ. 15 मिनिटं धरू.

Q = 0.715 × 105 × 6 ÷ 360 = 1.25. सेकंदाला 1250 लिटर. तिथे शेत होतं तेव्हा C 0.3 आणि पाणी पोचायला 25 मिनिटं धरली, तर हाच आकडा 0.37 येतो. एवढ्याच जमिनीतून, एवढ्याच पावसात, घरं झाल्यावर तिपटीहून जास्त पाणी. आणि खालचा नाला तेवढाच आहे. खालच्या वस्तीतले लोक तुमच्यावर का चिडतात त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

गटाराचा आकार

मॅनिंगचं सूत्र : वेग = (1/n) × R^(2/3) × S^(1/2). R म्हणजे पाण्याचा काटछेद भागिले भिजलेला परिघ, S म्हणजे उतार, n म्हणजे गटाराच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा, आणि साध्या काँक्रीटला n 0.015 धरा. 0.9 मीटर रुंद आयताकृती गटार, उतार 200 ला 1, पाण्याची खोली 0.7 मीटर : वेग सेकंदाला 1.99 मीटर, प्रवाह 1.25. नेमकं बसलं. वर 20 सेंटीमीटर मोकळं ठेवून 0.9 × 0.9 चं गटार. हा आकार शेवटच्या टप्प्याचा. वर जाल तसं प्रत्येक फाट्याला क्षेत्र कमी होतं, तिथे पुन्हा वेळ, तीव्रता, प्रवाह काढायचा. एकच आकार सगळीकडे टाकणं म्हणजे वरच्या गल्लीत पैसे पुरणं आणि खालच्या गल्लीत पाणी.

वेग 0.6 च्या खाली गेला तर गाळ बसतो, 3 च्या वर गेला तर काँक्रीट खरवडतं. याच गटारात 20 सेंटीमीटर गाळ बसला आणि खडबडीतपणा वाढून n 0.02 झाला, तर काठोकाठ भरूनही ते 0.94 च देतं. पाव क्षमता गेली, मोकळी जागाही गेली. सफाईचं महत्त्व कमिटीला भाषणाने पटत नाही, हे गणित फळ्यावर करून दाखवलं की पटतं.

पाइप की उघडं गटार? मला ढापे टाकलेलं आयताकृती गटार आवडतं. ढापा उचलला की आत काय आहे ते दिसतं. रस्ता ओलांडायला आरसीसी ह्यूम पाइप लागतो. एनपी हे पाइपाच्या मजबुतीचे वर्ग, आकडा मोठा तेवढा पाइप मजबूत. तिथे वर्दळीप्रमाणे एनपी3 किंवा एनपी4 घ्या, एनपी2 रस्त्याखाली घालू नका. हिशेबाने 300 चा पुरत असला तरी 450 मिलिमीटरपेक्षा लहान पाइप मी टाकत नाही, कारण नाशिकमध्ये पावसाच्या पाण्याबरोबर निर्माल्य, नारळाच्या शेंड्या आणि पोती येतात. लहान पाइपातून मोठ्यात जाताना दोन्हींचा माथा एका लेव्हलला ठेवा, तळ नव्हे. तळ जुळवला तर मोठा पाइप भरताच वरचा लहान पाइप तुंबतो.

जाळ्या : गटार रिकामं, रस्ता तुडुंब

हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की कोणाला विचित्रही वाटत नाही. रस्त्यावर गुडघाभर पाणी, ढापा उचलावा तर गटार अर्धं रिकामं. पाणी आत शिरायलाच जागा नसते. जाळी 20 ते 30 मीटरवर हवी, शिवाय प्रत्येक सखल बिंदूवर आणि चौकाच्या वरच्या अंगाला. जाळीची क्षमता निम्मी धरा, उरलेली निम्मी पानं आणि प्लास्टिक खातात. सखल बिंदूवर आडवी जाळी एकटी नको, कर्बमध्ये उभं तोंडही ठेवा. आडवी बुजली तरी उभ्यातून पाणी जातं. जाळीच्या गजांमध्ये सायकलचं चाक अडकणार नाही अशा रीतीने गज रस्त्याला आडवे घ्या.

सिंहस्थाच्या तोंडावर शहरात रस्त्यांची कामं जोरात असतात, 2027 च्या आधीही तेच चालू आहे. जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर चढला की रस्ता वीस सेंटीमीटर उंच होतो आणि घरांची जोती, जाळ्या खाली राहतात. तुमच्या लेआउटसमोर असं काम व्हायचं असेल तर तयार रस्त्याची लेव्हल आधी मागून घ्या. मी एकदा ती न मागता काम केलं, सात नंबरच्या चेंबरची जाळी आज रस्त्याच्या खाली एका खड्ड्यात बसली आहे. तिथून जाताना मी दुसरीकडे बघतो.

थोडं पाणी थांबवून ठेवा

1.25 येतं आणि खालचा नाला 0.37 सोसतो, तर मधलं पाणी कुठेतरी थोपवायला हवं. वेगवेगळ्या कालावधींसाठी आलेलं पाणी वजा सोडलेलं पाणी काढून बघा. 15 मिनिटांना 788 घनमीटर, 20 ला 790, 30 ला 745. म्हणजे सुमारे 800 घनमीटर साठवण. आकडा मोठा वाटतो, पण लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावीच लागते. 6 हेक्टरात ती 6000 चौरस मीटर. त्यातलं 2700 चौरस मीटर मैदान आजूबाजूपेक्षा 30 सेंटीमीटर खोल ठेवलं की झालं. मुलं वर्षभर क्रिकेट खेळतील, वर्षातले काही तास तिथे तळं होईल. बाहेर पडायला छोटं भोक, वर जाळी, आणि जास्तीचं पाणी रस्त्याकडे न जाता नाल्याकडे जाईल असा सांडवा. खुली जागा लेआउटच्या सखल बाजूला असली तरच हे जमतं. ती नेहमी उंचावरच्या, विकायला गैरसोयीच्या कोपऱ्यात ढकलतात, म्हणून प्लॉट पाडण्याच्या आधीच गटारवाल्याला बोलवा.

शोषखड्ड्यांबद्दल माझं मत जरा कडवट आहे. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे. वर काळी माती, खाली मुरूम असेल तर पाणी जिरतं, थेट काळा पाषाण असेल तर खड्डा म्हणजे डासांची टाकी. आधी हातभर खड्डा खणा, रात्रभर पाण्याने भरलेला ठेवा, सकाळी पुन्हा भरून तासाला पातळी किती उतरते ते मोजा. जवळपास हललीच नाही तर तिथे शोषखड्डा नको. आणि जिरवायचं ते छपरावरचं पाणी, रस्त्यावरचं तेलकट पाणी बोअरजवळ सोडू नये.

खोदाई आणि त्यानंतर

खोदाई खालून वर करा. नाल्यापासून सुरू केलं की मध्येच पाऊस आला तरी झालेल्या भागातून पाणी निघून जातं. वरून सुरू केलं तर खंदकच तलाव होतो. खडक लागला की कंत्राटदार ब्रेकरचं बिल वाचवायला तळ हळूच वर उचलतो, आणि मग पुढे उलटा उतार. दर 10 मीटरवर तळाची लेव्हल स्वतः घ्या आणि ढापे पडण्याआधी वरून टँकर सोडून पाणी शेवटपर्यंत वाहतं का ते पाहा. जिथे थांबेल तिथे खूण करून फोडायला लावा. त्या दिवशी वाईटपणा घ्या, नंतर घ्यावा लागत नाही.

सफाई मे महिन्यात होतेच, पण वळवाच्या पावसाने आणलेली धूळ, बांधकामाची वाळू यांनी गटार पुन्हा भरतं, म्हणून जुलैत दुसरी फेरी ठेवा. काढलेला गाळ काठावर ठेवू नका, पहिल्या सरीत तो घरी परत येतो.

आणि पहिल्या मोठ्या पावसात रेनकोट घालून बाहेर पडा. प्रत्येक चेंबरचा ढापा सरकवून आतल्या पाण्याची पातळी बघा, ढाप्याच्या कडेपासून किती खाली आहे ते टेपने मोजून वहीत टिपा. पाऊस ओसरल्यावर ते आकडे गटाराच्या लांबीच्या काटछेदावर मांडा. बिंदू जोडले की एक उतरती रेघ दिसते. जिथे ती एकदम खाली उडी घेते तिथे काहीतरी अडलेलं असतं, त्या उडीच्या वरच्या आणि खालच्या चेंबरमधला पाइप दुसऱ्या दिवशी सकाळी उघडा.